आधी आपल्याच चुका लिहून काढा: गेम समीक्षक आणि चाहत्यांशी कसं वागावं

पहिला रिव्ह्यू कोड, म्हणजे समीक्षकाला गेम फुकट खेळता यावा म्हणून दिलेला कोड, पाठवण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि आपल्या गेममध्ये आजच्या तारखेला काय काय बिघडलेलं आहे ते लिहून काढा. तिसऱ्या लेव्हलचं दार कधीकधी उघडत नाही. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पावसाचा सीन अडखळतो. मेनूतल्या मराठीत रफार भलत्याच अक्षरावर बसतो. जे असेल ते, लपवाछपवी न करता. हा कागद कोडसोबत समीक्षकाकडे जाणार आहे, आणि रिलीजच्या दिवशी चाहत्यांसमोरही हाच लागणार आहे.

मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका छोट्या गेम पब्लिशरकडे समीक्षक आणि चाहत्यांची कम्युनिटी असं दोन्ही सांभाळते. त्याआधी काही वर्षं एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत मोबाइल आणि गेम्सवर लिहीत होते. तेव्हा कोड मागायचे, आता देते. मुंबई-पुण्यात तीन-चार जणांच्या टीम स्वतःचे गेम करताहेत, आणि त्यातल्या ज्याला चार माणसांशी नीट बोलता येतं त्याच्या अंगावर हे काम येऊन पडतं. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

कागदाचं नाव काढलं की कुणीतरी म्हणतंच, "आपणच आपली बदनामी कशाला करायची?" समीक्षक दहा-वीस तास खेळणार आहे. ते दार त्याच्यासमोरही अडकणार. त्या क्षणी 'यांना हे माहीत आहे, दुरुस्ती येतेय' असं त्याला वाटावं की 'यांनी माझ्यापासून लपवलं' असं, एवढंच आपल्या हातात असतं. 'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीचे कोड मिळाले होते आणि सुरुवातीच्या रिव्ह्यूंत त्यांनी स्वतः रेकॉर्ड केलेलं चित्रण दाखवायला मनाई होती. कंपनीने दिलेल्याच क्लिप वापरायच्या. पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या कन्सोलवर गेमची अवस्था काय आहे ते लोकांना पैसे मोजून झाल्यावर कळलं. आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून उतरवला, तो परत यायला जून २०२१ उजाडला. गेममध्ये दोष होते हे तर खरंच, पण लोक चिडले ते दोष झाकल्यामुळे. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात २.० अपडेट आल्यावर त्याच गेमचं मनापासून कौतुक झालं. मधल्या जवळपास तीन वर्षांची मेहनत कुठल्याही छोट्या टीमला परवडणारी नाही.

तर कागद तयार. आता वेळ.

नऊ-दहा तासांचा गेम असेल तर कोड निदान दोन आठवडे आधी द्या, तीस तासांचा असेल तर तीन. हे मी उदारपणा म्हणून सांगत नाही. विक्रोळीचा एक मुलगा मराठीत गेमचे व्हिडिओ करतो. घर एका खोलीचं, बहीण बारावीला. तो रात्री अकरानंतर रेकॉर्डिंग करतो, आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद करून, मे महिन्यातसुद्धा. दिवसा नोकरी. चाळीस जीबीचा गेम त्याला मोबाइलच्या डेटावर उतरवायचा असतो, म्हणजे नुसत्या डाउनलोडलाच तीन रात्री लागतात. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी त्याला कोड पाठवणं म्हणजे घाईत कर असं सांगणं, आणि घाईत केलेल्या रिव्ह्यूत आपल्या गेमचा पहिला एक तासच दिसतो. अशा माणसासाठी आम्ही आता बिल्ड, म्हणजे गेमची तयार आवृत्ती, लहान करून घेतो आणि प्रीलोडची, म्हणजे गेम आधीच उतरवून ठेवायची, तारीख वेगळी कळवतो.

एम्बार्गो म्हणजे अमुक वेळेआधी रिव्ह्यू प्रसिद्ध करायचा नाही ही अट. ती घालण्यात गैर काही नाही. त्यामुळे कुणाला पहिला येण्यासाठी पळावं लागत नाही. पण ती विक्री सुरू होण्याआधी उठली पाहिजे. २०१४ च्या नोव्हेंबरात 'असॅसिन्स क्रीड युनिटी' अमेरिकेत मध्यरात्रीपासून विकला जात होता आणि रिव्ह्यूवरची बंदी उठली त्याच दिवशी दुपारी बाराला. त्या बारा तासांत ज्यांनी पैसे भरले त्यांना गेमचे बिघाड स्वतःच शोधावे लागले. आम्ही एम्बार्गो दोन दिवस आधी उठवतो आणि भारतीय वेळ स्पष्ट लिहितो. परदेशी समीक्षक असेल तर त्याच्या शहराची वेळही.

मेल लहान ठेवा. मी साधारण असा लिहिते (स्टीम म्हणजे पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान, पॅच म्हणजे नंतर येणारी दुरुस्ती):

"नमस्कार. आमचा गेम १४ नोव्हेंबरला स्टीमवर येतोय. कोड सोबत आहे. पूर्ण करायला साधारण ९ तास लागतात. यात पैसे लावून खेळायचं काही नाही. एकदा विकत घ्यायचा आणि खेळायचा. रिव्ह्यू १२ नोव्हेंबरला संध्याकाळी ६ पासून देऊ शकता. शेवटच्या प्रकरणातला उलगडा कृपया सांगू नका, बाकी काहीही स्वतः रेकॉर्ड करून दाखवा. आज माहीत असलेल्या अडचणी खाली दिल्या आहेत. पहिल्या दोन रिलीजच्या दिवशीच्या पॅचमध्ये जातील, तिसरी जाणार नाही. कुठे अडकलात तर या नंबरवर रात्री बारापर्यंत फोन करा."

पैशांचं वाक्य मुद्दाम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली. कायद्यात ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम हे वेगळे धरलेले आहेत, पण वर्तमानपत्रांच्या डेस्कवर 'गेमिंग' म्हटलं की अजूनही रमीच डोळ्यांसमोर येते. एका उपसंपादकांनी मला पहिला प्रश्न विचारला होता, "म्हणजे जुगार ना?" त्यांचा दोष नाही. गेल्या काही वर्षांत जाहिराती त्यांनी त्याच पाहिल्या. म्हणून खुलासा पहिल्या चार ओळींत हवा.

'तिसरी जाणार नाही' हेही मुद्दाम आहे. दुरुस्त न होणारी गोष्ट सांगून टाकली की पुढचे सगळे शब्द खरे वाटतात.

काय मागायचं नाही, तर गुण आणि मजकूर. "किती देताय?" विचारायचं नाही, "छापण्याआधी एकदा बघू का?" विचारायचं नाही. किंमत चुकली, प्लॅटफॉर्मचं नाव चुकलं, तर दोन ओळींचा मेल करून तेवढं दुरुस्त करून घ्या. 'कथा रटाळ आहे' हे मत आहे. ते दुरुस्त करायला जाऊ नका. आमच्याकडे एक वही आहे. कोणत्या समीक्षकाला कधी कोड दिला, तो कोणत्या मशीनवर खेळतो, त्याला कोणत्या प्रकारचे गेम आवडतात, परीक्षा किंवा बाळंतपण असं काही सुरू आहे का, हे सगळं तिच्यात आहे. त्याने किती गुण दिले हा रकाना नाही. मी तो घालू दिला नाही, कारण तो रकाना असला की पुढच्या वेळी यादी करताना नजर आपोआप तिकडे जाते.

गुणांना पैसे बांधण्याचा मोह मोठ्या कंपन्यांनाही झाला आहे. २०१० च्या 'फॉलआउट: न्यू व्हेगस'साठी ऑब्सिडियन या स्टुडिओला मेटाक्रिटिक या सगळ्या रिव्ह्यूंचे गुण एकत्र करून एक आकडा देणाऱ्या साइटवर ८५ मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले ८४. मेटाक्रिटिक वेगवेगळ्या प्रकाशनांना वेगवेगळं वजन देतं आणि ते वजन किती हे सांगत नाही. अशा एका आकड्यावर कामगारांचा पगार टांगला की कंपनीतला प्रत्येक जण समीक्षकाकडे आपल्या घरच्या हप्त्याच्या नजरेने बघायला लागतो. छोट्या टीमने असा करार कुणी पुढे केला तर ते कलम खोडून मगच सही करावी.

वाईट रिव्ह्यू आला की पहिला दिवस काहीच करू नका. टीमला वाचून दाखवा, पण मोठ्याने आणि संपूर्ण. आमच्याकडे एकदा एका बाईंनी गेमच्या कंट्रोल्सवर आठशे शब्द खर्च केले होते. प्रोग्रामर दोन दिवस बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "जंपचं बरोबर आहे तिचं." पुढच्या पॅचमध्ये उडी सुधारली आणि मी त्या बाईंना फक्त एवढं कळवलं: तुम्ही म्हणालात ते बदललंय, पुन्हा लिहावं अशी अपेक्षा नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. पुढच्या गेमच्या वेळी मात्र कोडसाठी त्यांचाच मेल आधी आला.

नाराज होऊन कुणाला यादीतून काढू नका. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'कोटाकू' या गेमविषयक साइटचे तेव्हाचे संपादक स्टीफन टोटिलो यांनी जाहीर लिहिलं, की अजून जाहीर न झालेल्या गेम्सच्या बातम्या दिल्यापासून बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या आहेत. बातम्या थांबल्या का? नाही. दोन कंपन्यांनी आपली बाजू सांगायची जागा मात्र स्वतःच बंद करून घेतली.

जाहिरात आणि रिव्ह्यू यांच्या याद्या दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा. तीनच जण असतील तरीही. २००७ मध्ये 'गेमस्पॉट' या रिव्ह्यू देणाऱ्या साइटवर 'केन अँड लिंच'च्या जाहिराती झळकत होत्या. जेफ गर्स्टमन यांनी त्या गेमला बेताचे गुण दिले आणि त्यांची नोकरी गेली. पुढे २०१२ मध्ये ते स्वतः त्यावर उघडपणे बोलले. आपल्याकडे ही गोष्ट 'पॅकेज' या शब्दात येते. मी पुरवणीत असताना एका पब्लिशरच्या माणसाने मला विचारलं होतं, "रिव्ह्यू आणि अर्धं पान, पॅकेजमध्ये काय होईल?" मी तेवीस वर्षांची होते आणि उत्तर द्यायला मला शब्द सापडला नाही. तो गेम चांगला होता, याचं मला आजही वाईट वाटतं. मी त्यावर लिहूच शकले नाही.

यूट्यूबर किंवा इन्स्टाग्रामवाल्याला पैसे देत असाल तर द्या, पण 'जाहिरात' असा शिक्का दिसला पाहिजे. वॉर्नर ब्रदर्सवर 'शॅडो ऑफ मॉर्डॉर'च्या पैसे देऊन करून घेतलेल्या व्हिडिओंबद्दल अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने कारवाई केली, २०१६ मध्ये तडजोड झाली. आपल्याकडे मुंबईतच मुख्यालय असलेल्या एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले. फुकट मिळालेली वस्तूही त्यांत सांगावी लागते, म्हणजे फुकट कोडही. आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. मी मेलमध्येच लिहून पाठवते: कोड आमच्याकडून मिळाला हे व्हिडिओत सुरुवातीला सांगा.

कोड मागणाऱ्यांत चोर असतात, हे पहिल्या आठवड्यातच कळेल. ओळखीच्या चॅनेलचं नाव, मेल पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे, आणि 'टीमसाठी चार कोड द्या'. ते कोड स्वस्तात विकले जातात. मेलला उत्तर देऊ नका. त्या चॅनेलच्या स्वतःच्या पानावर दिलेल्या पत्त्यावर नवा मेल करून विचारा. स्टीमवर क्युरेटर, म्हणजे गेमची शिफारस करणारा, असल्याचं सांगणाऱ्याला स्टीमच्या क्युरेटर कनेक्टमधूनच पाठवा, तिथून गेम थेट त्याच्या क्युरेटर खात्याकडे जातो आणि विकता येईल असा कोड कुणाच्या हातात पडत नाही.

स्टीमचे दोन नियम घरच्यांना आधी समजावून सांगा. दहा रिव्ह्यू होईपर्यंत गेमला 'पॉझिटिव्ह' वगैरे शेरा लागत नाही. आणि कोड वापरून घेतलेल्या गेमचा रिव्ह्यू त्या शेऱ्यात मोजला जात नाही, फक्त स्टीमवर विकत घेणाऱ्यांचा मोजला जातो. म्हणजे मामा-मावशींना कोड वाटून काही होत नाही, आणि तसं करूही नये. दोन तासांपेक्षा कमी खेळून चौदा दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात, म्हणून पहिले दोन तास खोटं आश्वासन देणारे नसावेत.

आता चाहते. यांच्यासाठी मला जास्त जीव तोडावासा वाटतो, कारण समीक्षकाचं ते काम आहे, चाहता स्वतःचा वेळ आणि पैसा घालून येतो.

डिस्कॉर्ड सर्व्हर, म्हणजे चाहत्यांनी एकत्र गप्पा मारायची ऑनलाइन जागा, उघडण्याआधी ठरवा, की रोज कोणत्या दोन तासांत तुम्ही तिथे असणार. आम्ही रात्री नऊ ते अकरा असतो आणि ते दारातच लिहिलंय. चोवीस तास असल्याचा आव आणला की तिसऱ्या आठवड्यात माणूस आजारी पडतो. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालतात, आईबहिणीवरून शिव्या चालत नाहीत. तिथल्या बोलण्यावर लक्ष ठेवणारे मॉडरेटर अठरा वर्षांवरचेच, आणि त्यांना मानधन द्या. हौसेने करणारी मुलं मिळतात, ती फुकट करायला तयारही असतात. पण रात्री एक वाजता एखाद्या मुलीला आलेले घाणेरडे मेसेज वाचून पुसायचं काम हौसेचं नाही. आमच्या दोन मॉडरेटरना महिन्याला पैसे जातात, आणि 'आज मला नको' म्हणायची मुभा आहे.

तक्रारींचा एक जाहीर तक्ता ठेवा आणि त्यात चारच शेरे: कळलं, शोधतोय, पुढच्या पॅचमध्ये, करणार नाही. शेवटचा शेरा वापरताना कारण लिहा. "दोघांनी मिळून खेळायची सोय करणार नाही, कारण गेम पहिल्यापासून एकट्यासाठी बांधलाय आणि आमच्याकडे चार जण आहेत." लोक हळहळतात, पण थांबतात. गोलमोल उत्तरावर मात्र कुणी थांबत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'बॅटलफ्रंट २'मध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला ६०,००० क्रेडिट्स (गेममधलं चलन) का लागतात असं रेडिट या चर्चेच्या साइटवर विचारल्यावर गेमच्या कंपनीकडून, ईएकडून, उत्तर आलं, की खेळाडूंना अभिमान आणि काहीतरी कमावल्याची भावना मिळावी म्हणून. त्या एका उत्तराला ६ लाखांहून जास्त डाउनव्होट, म्हणजे नापसंतीची मतं, पडली आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. व्हेडरची क्रेडिट्समधली किंमत ७५ टक्के उतरवावी लागली आणि रिलीजच्या आदल्या दिवशी गेममधली खरेदीच बंद करावी लागली. ते वाक्य मोठ्याने वाचून बघा. समोर बसलेल्या माणसाला कुणी असं म्हणेल का? कुठलंही उत्तर पाठवण्याआधी मी ते शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वाचून दाखवते.

अट बदलणार असाल तर दुकानाच्या पानावर लिहिलंय म्हणून गप्प राहू नका. 'हेलडायव्हर्स २' या गेमच्या पानावर सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं लागेल असं पहिल्यापासून होतं, पण सुरुवातीला ते सक्तीचं ठेवलं नव्हतं. मे २०२४ मध्ये सक्ती जाहीर झाली, तेव्हा ते नेटवर्क जिथे मिळतच नाही अशा देशांतही गेम विकला गेला होता. स्टीमवर दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू आले आणि सोनीने तीन दिवसांत निर्णय मागे घेतला. स्टुडिओचे तेव्हाचे प्रमुख योहान पिलेस्टेड्ट यांनी आपल्याकडेही दोष असल्याचं उघड मान्य केलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कधी गप्प राहावं? 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा बोललेलं बरंच काही त्यात नव्हतं. तो करणाऱ्या हेलो गेम्सने बोलणं जवळपास थांबवलं आणि नोव्हेंबरात पहिलं मोठं अपडेट दिलं, मग वर्षानुवर्षं देत राहिले. गप्प राहणं तिथे चाललं, कारण आत काम सुरू होतं आणि ते बाहेर आलं. तरी ते मधले तीन महिने चाहत्यांनी काय काढले असतील, याचा विचार करा. मी तरी रोज एक ओळ लिहीन: आज काय केलं, उद्या काय करणार.

आमच्यावर ही वेळ गणपतीत आली. चतुर्थीच्या तीन दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पॅच सोडला आणि अर्धी टीम कोकणात गेली. रात्री साडेनऊला डिस्कॉर्डवर गिरगावच्या एका मुलाचा मेसेज, "ताई, सेव्ह उडाला. बावीस तासांचा." सेव्ह म्हणजे खेळ कुठवर आला ते साठवणारी फाइल. मग दुसरा, मग अकरा जण. मी लिहिलं: "सेव्ह जाताहेत हे खरं आहे. चूक आमच्या आजच्या पॅचची आहे. कारण अजून सापडलेलं नाही. तोवर गेम उघडू नका, म्हणजे उरलेले सेव्ह सुरक्षित राहतील. मी दर दोन तासांनी इथे लिहीन, सापडलं नाही तरी लिहीन." रात्री अकरा, एक, तीन, पहाटे पाच. तीनच्या वेळी लिहायला काहीच नव्हतं, तेही लिहिलं. प्रोग्रामर मालवणला होता, घराच्या मागच्या चढावर रेंज येत होती तिथे उभा राहून तो लॉग, म्हणजे गेमने आपोआप केलेल्या नोंदी, बघत होता.

कारण शोधलं त्या गिरगावच्या मुलानेच. त्याने सगळ्या अकरा जणांना त्यांच्या सेव्ह फोल्डरचा पूर्ण पत्ता विचारला. प्रत्येकाच्या विंडोजमध्ये वापरकर्त्याचं नाव देवनागरीत होतं. त्याच्या घरचा कॉम्प्युटर आजोबांनी लावून घेतलेला, त्यामुळे फोल्डरचं नाव 'आप्पा'. नव्या पॅचला ते अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तो सेव्ह दुसरीकडेच लिहीत होता. म्हणजे सेव्ह पुसले गेलेच नव्हते, सापडत नव्हते. रविवारी दुपारी दुरुस्ती गेली, अकराच्या अकरा जणांचे तास परत मिळाले. त्याचं नाव त्याच्या परवानगीने गेमच्या श्रेयनामावलीत टेस्टिंगखाली घातलं आणि त्या दोन दिवसांचे पैसे त्याला दिले. तो घ्यायला तयार नव्हता, आजोबांशी फोनवर बोलावं लागलं.

तेव्हापासून गणपती, दिवाळी आणि शुक्रवार संध्याकाळ या वेळांना आमच्याकडून पॅच जात नाही. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला एक जुना पीसी ऑफिसच्या कोपऱ्यात आहे, त्यावर वापरकर्त्याचं नाव 'आप्पा' आहे. नवा बिल्ड आला की आधी तिथे सेव्ह करायचा, बंद करायचा, पुन्हा उघडायचा. मग समीक्षकांच्या कागदावरची पहिली ओळ लिहायला घ्यायची.